तुह्या अंगाकर रोटीचा पत्ता

महापरसाद,

भांडण अर्धं टाकून मराले नाही पाहिजे. असा काही कायदा नसन, पण असाले पाहिजे. "तू उद्या ये, मंग तुले सांगतो," असं तू माह्यावर बोट रोखून बोलला, अन् मी उद्या आलो त तू अंगणात आडवा, नाकात कापूस. मी किती तरी येळ उभा होतो. मले वाटलं, उठशीन. म्हणशीन, "आला का महापरसाद? बस." लोकाइले वाटलं मी दुःखानं रडून राहिलो. दुःख नंतर आलं. पहिले राग आला. मी रातभर जागून तुह्यासाठी जवाब तयार केला होता. माह्यासारख्या मानसाले एक जवाब जमवाले किती मेहनत लागते, ते तुले माहीत. तो जवाब तसाच राह्यला अन् घेणारा गेला.

इथल्या मराठी मंडळाचे लोक म्हणे, तुमी त्याइचे इतके जवळचे, आठवणीच्या अंकासाठी दोन शब्द सांगा. म्हणून मी बोलून राहिलो अन् माही सून लिहून राहिली. मले लिहिता येत नाही. शाळेत गेलो नाही असं नाही. एकदा गेलो होतो, छपराचे कवेलू बदलाले. सून म्हणते, बाबा, पहिले त्याइचा जन्म कुठं झाला, भिलाईच्या स्टील प्लांटात काय काम केलं, ते सांगा. म्हटलं, ते प्लांटवाल्याइले माहीत हाय. मले बदला घ्याचा हाय. तू ते लिही.

तुह्यं नाव मात्र मी घेणार नाही. भेवून नाही. घेता येत नाही म्हणून. ज्याइले आमचं माहीत नसन त्याइच्यासाठी सांगतो. इकडे छत्तीसगडी लोकात मितान बदतात, म्हणजे जिंदगीभराची दोस्ती बांधतात. एक डाव महापरसाद बदला की मंग तो भावापेक्षा वरचा, अन् त्याचं नाव तोंडानं घ्याचं नाही, जिंदगीभर. "महापरसाद" म्हणूनच हाक माराची. आपून दोघंही मराठी. तू दुर्गच्या जुन्या घरचा, माहा बाप गोंदियाकडून धान कापता कापता इकडे ठेक्यावर आला. आपल्याले काही हे बदाचं नव्हतं. ते माह्या मूर्खपणानं झालं.

मी आटो चालवतो, तू माही सवारी होता. प्लांटच्या गेटावर बसला, मी समजलो सुपेल्याच्या बजारात जाशीन. तू म्हणाला, "मरोदा टंकीच्या मागं घे, जरा काम हाय." काम काय त जेवाचं. टंकीच्या मागं पळसाच्या झाडाखाली दुलारी बाईची झोपडी, तवा तिची सासू जिती होती, डोकरी दाई. तिनं अंगाकर रोटी देल्ली. तांदळाच्या पिठाची जाड रोटी, दोन पळसाच्या पानाइत दाबलेली, गोवरीच्या निखाऱ्यावर भाजलेली. पान जळून काळं होते, ते काढून फेकाचं अन् रोटी खाची. मले कोण सांगणार? मी समजलो वरचा पापड हाय. खाल्लं. अर्धं पान खाल्ल्यावर डोकरी दाईनं कपाळावर हात मारला. तू हासला नाही. तू डोळे पुसले अन् मंग हासला, तेच जास्त लागलं.

माही रोटी त राखेत गेली. दुसरी नव्हती, पानाची पतरीही उरली नव्हती. तू आपली पतरी मधात सरकवली अन् म्हणाला, "खा बे, पानं खाणाऱ्या." आपून एकाच पतरीत खाल्लं. डोकरी दाई पाह्यत होती. म्हणाली, "एके पतरी म खा डारेव, अब तुमन महापरसाद हव." एका पतरीत खाल्लं, आता तुमी महापरसाद झाले. अन् उठून आपल्या दोघाइच्या कानात दुर्वा खोचली. तू हासत होता. मी हासत होतो. ती हासत नव्हती.

मंग तू दुसरा नियम काढला, तो डोकरी दाईचा नव्हता, तुहा सोताचा होता. ही जागा कोणाले सांगाची नाही. मी म्हटलं, हाव.

मरोद्याकडे काय हाय, असं सारेच म्हणतात. क्वार्टर हाय, झाडं हाय, टंकीचं पाणी हाय, दुपारी कुत्रं बी रस्त्याच्या मधात झोपते. ज्याले खाचं असन तो सिविक सेंटरले जाते. अन् आपून दोघाइनं या शांततेत सारं शोधून ठेवलं होतं. फाटकाजवळचा चिलावाला बुढा, तांदळाची धिरडी करे, पाट्यावर हिरव्या टमाट्याची चटनी वाटे अन् तोंडातून शब्द काढत नसे. रेल्वे क्वार्टरातली ती काकू, ऐतवारी मागच्या खिडकीतून पाटोडीचा रस्सा दे, डब्बा आपला न्याचा, दार वाजवलं त देत नसे, खिडकीच वाजवाची. भिलाई-तीनच्या रुळापलीकडे सकाळी मुठिया, वाफेचे, तिळाची फोडणी. सारं मी आता सांगून राहिलो, आयकू येते ना? सून, चिलावाल्याचं मोठ्या अक्षरात लिही.

तू मले तोंड उघडू देल्लं नाही. आटो लांब उभा कराचा, झोपडीसमोर नाही. कोणी इचारलं त "हवा खाले गेल्तो." तुहा साळा एक डाव स्कूटरवर आपल्या मागं लागला होता, याद हाय? तू मांग बसून म्हणे, "टंकीले चक्कर मार." मी मारली. "अजून एक." अजून मारली. तुह्या साळ्याले काही झालं नाही, त्याची टाकी भरून होती. माह्या आटोचं पेट्रोल संपलं. तुहा साळा थांबला, इचारलं, "काय झालं भाऊ?" अन् त्यानंच मांगून धक्का मारला घरापर्यंत. तू मधात बसून होता. उतरला बी नाही. म्हणे, "उतरलो त त्याले शक येईन."

इतकं झालं तरी मले राग नव्हता आला. राग कशाचा आला ते आता सांगतो.

तू तथून जेवून घरी जाय अन् वहिनीले म्हणे, "भूक नाही." रोज नाही, पण हप्त्यातून दोन-तीन डाव. वहिनी बिचारी गरम पोळी घेऊन उभी. तिले वाटलं तुह्या पोटात काही रोग हाय. ओव्याचं पाणी देल्लं, हिंग देल्ला, कोण्या वैद्याचं चूर्ण आणलं. तू गपकन पिऊन घे, तोंड वाकडं करून. मंग तिनं गुरुवार धरले. तुले भूक लागावी म्हणून ती उपाशी राहे. एक डाव दारातच मले म्हणाली, "भाऊजी, याइची भूक कावून जात असन हो?" तुह्या शर्टाले निखाऱ्याचा वास येऊन राहिला होता, माह्या दातात लाखोळीच्या भाजीचं पान अडकलं होतं, अन् मी काय म्हटलं? "हवा बदलली असन, वहिनी." मले वाटलं मी मोठा हुशार. वहिनीनं माह्यासाठी बी ओव्याचं पाणी आणलं. पिलो. गुपचाप.

अन् मंग ते आखरीचं भांडण. टंकीपलीकडची वीटभट्टी बंद झाली, तथले मजूर गेले, दुलारीकडे जेवणारे आपून दोघंच राह्यलो. तिनं आपल्यासमोर राख सारता सारता म्हटलं की आता चूल ठेवणं जमत नाही. परतीच्या रस्त्यात मी म्हटलं, "महापरसाद, आता त लोकाइले सांगू."

"नाही."

"कावून नाही?"

"लोक येतीन, पहिले मोबाइल काढतीन. मंग मीठ कमी-जास्त होईन. मंग दुलारी टेबल घेईन. मंग पनीर ठेवीन. मंग आपून कुठं जाऊ?"

"अन् तिनं चूल इझवली त कुठं जाऊ?"

"तुले खाण्यातलं काय समजते बे? तू पानं खाणारा."

मी आटो थांबवला. तू म्हणाला, थांबवला कावून? मी म्हटलं, पेट्रोल संपलं. पेट्रोल होतं. तू उतरला, पायी गेला, अन् वळून बोट दाखवलं, "तू उद्या ये, मंग तुले सांगतो."

काय सांगणार होता तू? मी अजूनही इचार करतो. "हाव" म्हणणार होता का शिवी देणार होता? शिवी असन त दे, अजूनही दे. पण तू काहीच ठेवलं नाही. म्हणून मी आपल्या मनानं समजलो की तू हारला.

मितान मेला त भावासारकं सूतक पाळाचं, डोकं भादराचं. भादरलं. न्हावी म्हणे, "भाऊ, तुमचं डोकं एका बाजूनं बटाटा हाय." इतकी वर्षं केसाइनं माही इज्जत राखली होती, ती तुह्यामुळं गेली. मंग जो सवारी बसे तो इचारे, "तिरुपतीले जाऊन आले का? लाडू आणला का?" एका बाईनं त हात पुढं केला, परसाद द्या म्हणून. तिले काय सांगू की माहा परसाद जळून गेला. बिस्कुटाचा पुडा होता, त्यातलं एक देल्लं. तिनं डोळ्याले लावलं अन् खाल्लं.

तेरवीले पहिला बदला घेतला. तुह्या नावाचं पान वाढणं चालू होतं. वहिनी डोळे पुसत आली, "भाऊजी, तुमीच याइच्यासंग फिरत होते. बाहेरचं काय आवडत होतं त्याइले? पानात ठेवतो." मी तुह्या फोटोकडे पाह्यलं. मंग म्हटलं, "पनीर."

आखरीपर्यंत तू पनीरले खडू म्हणत होता. कोणाच्या लग्नात वाढलं त माह्या पानात सरकवे. तुह्या फोटोसमोर ते लाल रस्स्यातले पांढरे तुकडे ठेवले, वर कोथिंबीर. वहिनीनं हात जोडले. मी बी जोडले. मनात म्हटलं, खा आता. मले वाटलं होतं लय मजा येईन. मंग ते पान गायीले ठेवलं, गायीनं बी पनीर बाजूले सारलं. तवा मले पहिल्या डाव समजलं की तू खरंच गेला.

दुसऱ्या दिवशी दुलारीकडे गेलो. तिले माहीत नव्हतं. मले पाहून तिनं दोन पतऱ्या मांडल्या. मी टकला, कपाळावर गंध, तरी तिच्या ध्यानात नाही आलं. मंग आलं. तिनं दुसरी पतरी उचलली नाही. तिच्यावर रोटीचा तुकडा ठेवला, थोडी भाजी ठेवली, अन् तो तुकडा चुलीत टाकला. मले म्हणाली, "दू झन बर चूल्हा जलावत रहेंव. एक झन बर का जलाहूँ?" दोघाइसाठी पेटवत होते, एकासाठी काय पेटवू. तिची पोरगी धमध्याकडे देल्ली हाय, जावयानं बोलावलं हाय, छेरछेऱ्याचं, म्हणजे पुसाच्या पुनवेच्या सणाचं, धान वाटून झालं की ती जाणार.

म्हणजे पा, तू गेला अन् चूल बी संगं न्याले निघाला. इतका आपमतलबी. तथंच माह्या डोक्यात तो जो जवाब सडून राहिला होता त्याले मोड आले. मी म्हटलं, "दुलारी, पोरीकडे जाऊ नोको. मी लोक आणतो."

"कोन आही?" कोण येईन, म्हणे.

"सारे आही."

तिनं माह्याकडे पाह्यलं. पानं खाणारा मानूस काय लोक आणणार, असंच पाह्यलं.

आटोवाल्याले बदला घेणं सोपं असते. सवारी आपल्या मांग बसून राहते, उतरू शकत नाही. पहिले एक नवरा-बायको बसले, दुर्गच्या कचेरीतून आले होते, जमिनीच्या तारखेवरून. त्याइले मरोदा सेक्टरात पावण्याकडे जाचं होतं. मी टंकीच्या मांगं घेतलं.

"भाऊ, कुठं नेऊन राहिले? इकडे नाही."

"इकडेच. पहिले जेवा."

"आमाले भूक नाही."

"भूक नाही म्हणणारा मानूस काल-परवाच गेला. बसा."

बाई घाबरली. नवऱ्यानं फोन काढला, मले वाटलं पोलिसाले लावते. दुलारीनं पतरी ठेवली. मी त्याइले सांगतलं, पान खाचं नाही, पान फेकाचं. त्या नवऱ्यानं पहिला घास खाल्ला, मंग फोन खिशात ठेवला. जाता येळी बायको म्हणे, "आमचा वकील बी असाच कुठं नेऊन सोडते, पण जेवाले देत नाही."

मंग मी थांबलो नाही. स्टेशनावरचे, कालेजातले पोट्टे, बँकेतली एक मॅडम, पावणे-रावळे. ज्यानं इचारलं त्याले सांगतलं, ज्यानं नाही इचारलं त्याले बी सांगतलं. पोट्ट्याइनं फोटो काढले. तू म्हटलं तसंच झालं, पहिले मोबाइल काढला. मी त्याइले म्हटलं, काढा, अजून काढा, धूर बी काढा. प्रत्येक फोटोले मी मनात म्हणे, घे. चिलावाल्या बुढ्याकडे बी पाठवले. त्यानं मले पाह्यलं, अन् इतक्या वर्षात पहिल्या डाव बोलला, "ये का करे?" हे काय केलं, म्हणे. म्हटलं, बदला. तो पुन्हा चटनी वाटू लागला.

पण महापरसाद, हा त तुकडा-तुकडा बदला होता. पुरा बदला बाकी होता. एका गुरुवारी सकाळी तुह्या घरी गेलो. वहिनी तशीच बसून, दिवा लावून, उपास चालूच. म्हटलं, "वहिनी, चला."

"कुठं?"

"गुरुवाराचं उद्यापन कराले."

"उद्यापन घरी करतात, भाऊजी. अन् आता कोणासाठी?"

"जिथं पुण्य गेलं तथं कराले पाहिजे. बसा."

रस्त्यानं मी काहीच बोललो नाही. मी गप हाय म्हणून ती घाबरली, म्हणाली, "भाऊजी, तब्येत बरी हाय ना?" झोपडीपाशी आटो लांब नाही ठेवला, अगदी चुलीसमोर ठेवला. दुलारीले म्हटलं, ही त्याची घरवाली. दुलारी उठली, पदर डोक्यावर घेतला, अन् ज्या दगडावर तू बसत होता तो दगड पुसला. वहिनी त्यावर बसली. पतरी आली. मी पान काढून देल्लं. लाखोळीची भाजी, पाट्यावरची चटनी. तिनं घास घेतला, चावला, अन् हात थांबला.

"हा वास," म्हणाली. "हा त त्याइच्या शर्टाले येत होता. मी म्हणत होते प्लांटच्या भट्टीचा हाय."

मी खाली पाह्यलं.

"ते इथं जेवून येत होते?"

"हाव."

"अन् मी पोळी करून ठेवत होते."

"हाव."

"अन् तुमी ओव्याचं पाणी पीत होते."

"ते बी हाव."

ती रडन असं वाटलं होतं. रडली नाही. पतरी पुरी साफ केली, दुसरी रोटी मांगतली, ती बी खाल्ली. मंग पाणी पिली अन् मले इचारलं, "मले कावून नाही आणलं त्याइनं? एक डाव बी?"

तो माहा जवाब होता, महापरसाद. तोच. रातभर जागून मी हेच तयार केलं होतं: तू वहिनीले कावून नाही आणलं? मी तुले इचारणार होतो, तू बोट खाली करशीन असं वाटलं होतं. तू भेटला नाही. तिनंच तुह्या दगडावर बसून इचारलं. आता तू तिले सांग. मी मधात पडणार नाही. तुले जिथं ठेवलं असन तथं बसून जवाब तयार कर, तुह्यापाशी येळ हाय.

तिनं गुरुवार सोडले. आता गुरुवारीच येते, माह्या आटोत, अन् तुह्या दगडावर दुसऱ्याले बसू देत नाही.

दुलारी धमध्याले गेली नाही. छेरछेऱ्याले पोट्टे झोळ्या घेऊन दारोदार धान मांगत फिरून राहिले होते अन् ती पीठ मळून राहिली होती. आता सकाळपासून रांग असते. आता माह्यं ऐक. माह्यासाठी जागा नाही. मी लोक आणतो, लोक बसतात, मी उभा. परवा माह्या नंबरापर्यंत रोटीच संपली. दुलारी म्हणे, "तैं त घर के आस," तू त घरचा हायस, अन् मले पानाले चिकटलेली खरपुडी देल्ली. पानं खात होतो तेच बरं होतं. अन् एक दिवस भाजीत मीठ नव्हतं. अजिबात नव्हतं. गर्दीत तिच्या ध्यानातून गेलं. मी गुपचाप खाल्लं. हे मी तुले सांगून नाही राहिलो. सून, हे लिहू नोको.

लोक फोनवर इचारू लागले, जागेचं नाव काय, आमाले सापडत नाही. दुलारी म्हणे, बोर्ड लागन. पेंटर आणला. पोरगा डब्बा-ब्रश घेऊन आला, टिन धुऊन पांढरा केला, अन् म्हणाला, "काका, काय नाव लिहू?"

मले एकच नाव सुचलं. तुह्यं. तू सारं लपवलं, आता तूच रस्त्यावर लटक, येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचलं पाहिजे. याच्यापेक्षा मोठा बदला कोणता? पण तोंड उघडलं अन् याद आली. मले तुह्यं नाव घेता येत नाही. म्हटलं, "दुलारी, तू सांग." ती म्हणे, तिले तुह्यं नावच माहीत नाही, ती तुले "बड़े महापरसाद" म्हणे. वहिनी दगडावर बसून होती. तिच्याकडे पाह्यलं त तिनं पदर तोंडाले लावला. तिच्या जमान्यातल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पेंटर आमच्या तिघाइकडे पाहून राहिला. म्हणाला, "मानसाले नाव होतं का नव्हतं?"

रांगेतले लोक बी पाहू लागले. मी म्हटलं, "वहिनी, उखाण्यात घ्या. उखाण्यात चालते."

"आता उखाणा? लोक काय म्हणतीन?"

"लोकाइच्या तोंडात रोटी हाय, काही म्हणत नाही."

तिनं रांगेकडे पाह्यलं. चुलीतलं लाकूड कडकडलं. मंग उभी राह्यली, पदर सारका केला, तुमच्या लग्नात घेतला असन तसा, अन् म्हणाली,

"चुलीत निखारा, निखाऱ्यात रोटी,
--- राव म्हणत भूक नाही, गोष्ट होती खोटी."

रांगेतल्या बायकाइनं टाळ्या वाजवल्या. वहिनी हासली अन् मंग बसली अन् मंग रडली, जे तेरवीपासून राह्यलं होतं ते सारं. दुलारीनं तिच्या पाठीवर पिठाचा हात ठेवला, पातळावर पंजा उमटला. पेंटरनं नाव लिहिलं. मी कानावर हात ठेवले नव्हते, पण नियम नाव ऐकाचं नाही असा नाही, घ्याचं नाही असाच हाय. किती वर्षानं आयकलं तुह्यं नाव. चांगलं हाय. मी इसरूनच गेल्तो.

सून इचारून राहिली, बाबा, त्या रेघेच्या जागी नाव लिहू का, मले माहीत हाय. म्हटलं, नोको. ज्यानं हा लेख वाचला अन् ज्याले मेलेल्याचं नाव पाह्यचं असन, त्यानं मरोद्याले यावं. टंकीच्या मांगचा कच्चा रस्ता घ्या, पळसाच्या झाडाखाली बोर्ड हाय, निळ्या अक्षराचा. वाचा, अन् आले तसे जेवून जा. पान फेकाचं, रोटी खाची.

मले त वाचता येत नाही. मी रोज त्या निळ्या रंगाकडे पाह्यतो अन् समजून घेतो की तू हाय. पेंटरनं आखरीच्या अक्षराले रंग जास्त लावला, तो खाली ओघळला, बोट रोखल्यासारका. माह्याकडेच रोखून हाय. उद्या ये म्हणून.

तूच ये आता. भांडाले ये. पण सांगून ठेवतो, तुह्या दगडावर वहिनी बसते, अन् लाइन मोठी हाय. माह्या मांग उभा राह्य.